शिक्षा आणि भाकित

आता संग्रहालय झालेल्या कोलकात्याच्या अलीपूर कारागृहात १४ ऑगस्ट २००४ रोजी धनंजय चॅटर्जी यास बलात्कार व खुनाबद्दल फाशी देण्यात आली. १९९४ मध्ये ती शिक्षा कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने समाजाच्या न्यायाच्या आक्रोशावर भर दिला होता. हा मनुष्य पुन्हा असेच करील काय, हा प्रश्न गौण राहिला. वस्तुतः गुन्हेगार सुधारणेपलीकडे गेल्याचे शासनाने पुराव्याने सिद्ध करावे, ही अपेक्षा १९८० च्या बचनसिंग निकालातच होती. आर. जी. कर प्रकरणी सियालदह न्यायालयाने २० जानेवारी २०२५ रोजी जन्मठेप दिली, तेव्हाही फाशीची मागणी कृत्याच्या क्रौर्यावरच उभी होती. एका प्रसंगावरून पात्राचा सारा स्वभाव ठरविणाऱ्या समीक्षकाला आपण उथळ म्हणतो. येथे मात्र तीच रीत न्यायबुद्धी ठरते. हॅन्सन व थॉर्नटन यांची १९९९ ची ‘स्टॅटिक-९९’ ही दहा मुद्द्यांची मोजपट्टी वय, पूर्वीच्या शिक्षा, पीडित व्यक्तीशी असलेले नाते पाहते. कृत्याची भीषणता मोजत नाही. अर्थात तीही व्यक्तीविषयी नव्हे, गटाविषयी बोलते, आणि तिचा मूळ गट कॅनडा-ब्रिटनमधला. बंगालच्या बंदिवानाला ती लावायची, तर आधी येथील कारागृहांच्या नोंदींवर ती पारखून घ्यावी लागेल.