हॉवर्थचा म्हातारा

परवा यॉर्कशायरमधल्या हॉवर्थला जाणं झालं. 'जेन एअर'वाल्या शार्लट ब्राँटेचं गाव. चर्चमध्ये खांबापाशी शार्लट आणि एमिली या बहिणींच्या नावाची पितळी पट्टी आहे. लोक फोटो काढतात, हळहळतात आणि चहाला जातात. (आम्हीही गेलो.)

वडील पॅट्रिक ब्राँटे इथे १८२० ते १८६१, तब्बल ४१ वर्षं पाद्री होते. सहाही मुलं त्यांच्याआधी गेली. जुन्या चर्चमधल्या स्मृतिशिलेवर वरची नावं ऐसपैस आणि खालची दाटीवाटीनं कोरलेली होती, असं गॅस्केलबाईंनी शार्लटच्या १८५७ सालच्या चरित्रात लिहिलंय. शार्लटसाठी खाली दुसरी शिला लावावी लागली.

पण म्हाताऱ्याला नुसता 'बिचारा बाप' करून टाकणं मला पटत नाही. सप्टेंबर १८४८ ते मे १८४९ या आठ महिन्यांत त्यांनी तीन मुलं गमावली. आणि त्याच सुमारास हा माणूस गावाला चांगलं पाणी मिळावं म्हणून लंडनला अर्जांवर अर्ज धाडत होता! अखेर १८५०मध्ये तपासणीला बेंजामिन बॅबेज आला. गणकयंत्रवाल्या चार्ल्स बॅबेजचा मुलगा, म्हणजे आमचाच व्यवसायबंधू, इंजिनिअर. त्याच्या अहवालात मृत्यूचं सरासरी वय निघालं २५.८ वर्षं. ४१ टक्क्यांहून अधिक माणसं वयाची सहा वर्षंही पुरी करत नव्हती.

पितळी पट्टीवर यातलं अक्षर नाही. कधी इकडे आलात तर फोटो जरूर काढा, पण बाहेरच्या दफनभूमीतही एक चक्कर मारा. बूट मात्र चांगले घाला, गाव सगळं चढाचं आहे.