रात्री दोन वाजता रक्त कुठे मिळेल?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



नमुना नोंदणी पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३८ माता दगावत होत्या. देशाची सरासरी ९३ होती. २०३० पर्यंत हे प्रमाण ७० च्या खाली आणायचं जागतिक उद्दिष्ट आपण कधीच गाठलं. त्याचं श्रेय तुमच्या खात्याला आहे, आणि त्याहून जास्त, मोबदल्यासाठी ज्यांना आझाद मैदानात धरणं धरून बसावं लागलं त्या आशाताईंना.

माझी तक्रार अशी की हा आकडा फार चांगला आहे. ही पाहणी राज्याचा दर सांगते, जिल्ह्याचा नाही. त्यामुळे धारणी, चिखलदरा, धडगाव, अक्कलकुवा, भामरागड अशा दुर्गम भागांतले मृत्यू पुण्या-मुंबईच्या सुखरूप बाळंतपणांत विरून जातात. उद्दिष्ट पूर्ण झालेल्या राज्याला त्यांच्याबद्दल जाब विचारायला कोणी येत नाही.

जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये. गाडी, औषधं, सिझेरियन, रक्त, जेवण, सगळं मोफत झालं. आज राज्यातली शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. बाई दवाखान्यात पोचत नाही, ही जुनी अडचण बरीचशी सुटली. आता ती पोचते, आणि तिथून पुढे पाठवली जाते.

बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जाऊ लागलं तर हातात साधारण दोन तास असतात. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असतं. रक्तस्राव थांबला नाही तर काय होतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. त्यात राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायका आधीच रक्तक्षयाच्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर इंजेक्शन देते, सलाईन लावते आणि ‘रेफर’ लिहिते. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसतो. तिथं पुन्हा ‘रेफर’. उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टर भेटतो, पण तिच्या रक्तगटाची पिशवी नसते. मग अमरावती. धारणीहून अमरावती म्हणजे घाटातले दीडशेच्या आसपास किलोमीटर. कागदोपत्री प्रत्येकाचं काम चोख झालेलं असतं. गाडीही वेळेवर आलेली असते.

भूलतज्ज्ञ मिळत नाहीत हे खरं आहे, आणि त्यावर तोडगाही सरकारकडेच आहे: एमबीबीएस डॉक्टरांना भूलशास्त्राचं प्रशिक्षण. पण ते घेतलेला डॉक्टर आणि सिझेरियन करणारा डॉक्टर एकाच रुग्णालयात राहतील, हे बदल्यांची यादी करताना कोण बघतं? एकाला इकडे आणि दुसऱ्याला तिकडे पाठवलं की दोघांचंही शिक्षण बाळंतिणीच्या उपयोगाचं राहत नाही.

माहेरघर योजनेचंही तसंच. कल्पना उत्तम: दिवस भरत आले की बाईनं आधीच येऊन राहावं, बुडालेल्या मजुरीचे पैसे सरकारनं द्यावेत. (घरची चूल, मागची दोन लेकरं आणि गुरं कोणी बघायची, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांना पडला नसावा.) पण माहेरघर बांधलं प्राथमिक आरोग्य केंद्रापाशी, जिथं शस्त्रक्रिया होत नाही. जिचं पहिलं बाळंतपण सिझेरियननं झालंय किंवा जिला सिकलसेल आहे, तिनं तिथं आठवडाभर राहून करायचं काय? तिची खाट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात हवी.

प्रत्येक मातामृत्यूचं अन्वेषण होतं, जिल्हाधिकाऱ्यांपुढे बैठकही होते. निष्कर्ष मात्र फायलीत राहतात. बाहेर येते ती फार तर एखाद्या सिस्टरला निघालेली ‘कारणे दाखवा’ नोटीस. अशी नोटीस एकदा मिळालेली सिस्टर पुढच्या वेळी धोका पत्करत नाही, लवकर ‘रेफर’ लिहून मोकळी होते. तिला दोष कसा द्यायचा? केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघानं २००४ पासून गोपनीय आढावा सुरू केला. आईचं, डॉक्टरचं, रुग्णालयाचं नाव उघड करायचं नाही, कोणाला शिक्षा नाही, पण काय चुकलं ते छापायचं. त्यातून रक्तस्राव कसा हाताळायचा याचे राज्यभराचे नियम ठरले. त्याच २०१९-२१ च्या आकड्यांत केरळचा दर २० होता.

तुमच्याकडे नवी योजना मागत नाही. दोन कागद प्रसिद्ध करा. एक, नावं गाळलेले अन्वेषणाचे निष्कर्ष, तालुकावार. दुसरा, दर महिन्याला: बाळंतिणींना जिथं रेफर केलं जातं अशा प्रत्येक सरकारी रुग्णालयात किती रात्री सिझेरियन होऊ शकत होतं आणि कोणत्या गटाच्या किती पिशव्या होत्या. हा कागद पंचायत समितीच्या फलकावर लावला तर आशाताईला गाडी कुठं न्यायची तेवढं तरी आधी कळेल.

हा मासिक कागद पहिल्यांदा पावसाळ्याआधी, मेअखेरपर्यंत यावा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तेव्हा तिथल्या बाळंतिणीला जे मिळायचं ते भामरागडातच मिळावं लागतं.

आपली,
एक मतदार