शिंगणापूर म्हणजे केवळ चौथरा नव्हे



शनिशिंगणापूरची चर्चा शनिमूर्तीच्या चौथऱ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. २०१६ च्या गुढीपाडव्याला चौथरा महिलांना खुला झाला, २०१८ साली देवस्थानासाठी स्वतंत्र कायदा झाला, २०२५ मध्ये देवस्थानाच्या नावाने काढलेल्या बनावट ॲपचे प्रकरण गाजले. प्रत्येक वेळी रकानेच्या रकाने छापून आले. चौथऱ्यामागच्या गावाबद्दल मात्र क्वचितच कोणी लिहितो. शनीची देवळे देशभर आहेत. शिंगणापूरचे नाव दूरवर गेले ते बिनदाराच्या घरांमुळे, आणि घरे देवस्थानची नाहीत, गावाची आहेत.

जुन्या गावठाणात चौकट दिसते, दार दिसत नाही. पडदा असतो, कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून रात्री एखादी फळी टेकवून ठेवतात. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, ही श्रद्धा त्यामागे आहेच. पण ही श्रद्धा रोजच्या रोज निभावतो तो शेजार. घरची माणसे रानात गेली की समोरच्या ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या आजींचे लक्ष त्या घराकडे असते. कोणाकडे कोण पाहुणा आला, हे गल्लीला ठाऊक असते. अमेरिकेत शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्ज यांनी १९६१ साली पुस्तक लिहून नेमके हेच मांडले: रस्ता सुरक्षित राहतो तो प्रथम तिथे राहणाऱ्यांच्या नजरेमुळे, पोलीस नंतर. शिंगणापूरला स्वतंत्र पोलीस ठाणे मिळाले ते २०१५ साली. त्याआधी पिढ्यानपिढ्या गाव शेजाराच्या भरवशावर निर्धास्त झोपत होते. युको बँकेने २०११ मध्ये इथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तीही या वस्तीची रीत पाहूनच.

आता वाढ होते आहे ती रस्त्याकडेने. लॉज, पूजासाहित्याची दुकाने, खाजगी वाहनतळ आणि गाडी दिसली की आडवे येणारे लटकू, म्हणजे भाविकांना दुकानांकडे ओढणारे दलाल. शनिअमावास्येला तर गावकऱ्याला स्वतःच्या घरी पोचायलाही गर्दीतून वाट काढावी लागते. भाविकांमुळे गावाला रोजगार मिळाला, हे मी नाकारत नाही. केवळ शेतीवर आज किती घरे तगली असती, हा प्रश्न रास्तच आहे. पण लॉजमध्ये रोज नवा माणूस उतरतो, तिथे कोणाचे कोणावर लक्ष असणार? नव्या बांधकामांत सरकती दारे येऊ लागली आहेत. त्यासाठी गावकऱ्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. अनोळखी माणसांच्या लोंढ्यात घर उघडे ठेवा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

पंढरपुरात मंदिर परिसरातल्या कॉरिडॉरच्या आराखड्याला मंदिराभोवतीच्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला तो याच काळजीपोटी. देवळाभोवतीची वस्ती हलली की तीर्थक्षेत्र उरते, गाव उरत नाही. पुण्याची ओळखही आधी पेठांनी घडवली, रुंद रस्ते नंतर आले. शिंगणापूरसारख्या लहान गावाकडे तर गमावण्यासाठी एकच गावठाण आहे.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. शिंगणापूरचा कोणताही विकास आराखडा चौथऱ्यापासून नव्हे, गावठाणापासून आखायला घ्यावा. जुन्या गल्ल्या आणि बिनदाराची घरे यांची नोंद करावी, आणि रस्ता रुंद करताना ओट्यांना हात लावू नये. वाहनतळ गावाबाहेर, घोडेगावच्या आणि सोनईच्या वाटेवर असावेत, म्हणजे लटकूंचाही जाच कमी होईल. देवस्थानच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा गावठाणातल्या पाण्यावर, गटारांवर आणि दिव्यांवर खर्च व्हावा. आणि हा आराखडा मंजूर होण्याआधी ग्रामसभेत वाचला जावा, तोही महिलांना कामधंद्यातून येता येईल अशा वेळी. घर उघडे ठेवायचे की नाही, हे शेवटी त्यांनाच ठरवायचे आहे.

– एक वाचक, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर