कोळ्याच्या घरी कोण कोण होतं?

मित्रांनो, शकुंतलेच्या अंगठीची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. दुष्यंत राजा कण्व मुनींच्या आश्रमात येतो, शकुंतलेशी लग्न करतो आणि खुणेची अंगठी देऊन राजधानीला परत जातो. पुढे दुर्वास ऋषींचा शाप, अंगठी पाण्यात पडणं, राजाला शकुंतलेचा विसर पडणं आणि शेवटी माशाच्या पोटात ती अंगठी सापडणं! आजीकडून नाही तर पुस्तकातून, कुठून तरी तुम्ही ती ऐकलेली असणार.

आता गंमत ऐका. शकुंतलेची मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. पण तिथं अंगठीच नाही! शापही नाही आणि मासाही नाही. तिथं शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते. राजाला सारं आठवत असतं, पण लोक काय म्हणतील म्हणून तो सरळ कानांवर हात ठेवतो. अखेर आकाशवाणी होते, तेव्हा कुठे तो कबूल होतो.

कालिदासानं या कथेवर 'शाकुंतल' नाटक लिहायला घेतलं, तेव्हा नाटकाचा नायक असा खोटारडा कसा चालेल? म्हणून त्यानं शाप आणला. राजा खोटं बोलत नाही, तो खरंच विसरलाय. बरं, विसरला तर त्याला आठवण कशी व्हायची? म्हणून अंगठी. ती हरवायची तर पाणी हवं. पाण्यातून परत यायची तर मासा हवा. आणि मासा आला की तो पकडणारा कोळी आलाच! बघा हं, एक छोटीशी वस्तू गोष्टीत घातली आणि तिच्यामागून माणसं आपल्या पायांनी चालत आली.

सहाव्या अंकाच्या सुरुवातीला हा कोळी येतो. दोन शिपाई त्याला बांधून आणतात. राजाचं नाव कोरलेली अंगठी याच्याकडे कशी? चोरच हा! तो सांगतो, "मी जाळं टाकून, गळ लावून मासे धरतो, त्यावर कुटुंब पोसतो. रोहू कापला, त्याच्या पोटात ही दिसली." कोणी ऐकत नाही. शिपायांचा वरिष्ठ त्याच्या धंद्याची टिंगल करतो, याच्या अंगाला मासळीचा वास मारतोय म्हणतो. कोळी मात्र खाली मान घालत नाही. बापजाद्यांपासून चालत आलेलं काम का सोडायचं, असं तो त्यांनाच सुनावतो. पुढे राजा अंगठी ओळखतो, कोळ्याला अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस देतो आणि मघाशी मारायला उठलेले शिपाई एकदम त्याचे दोस्त होतात! आहे की नाही मजा?

आमची शाळा खाडीकाठी आहे. वर्गातली निम्मी मुलं कोळीवाड्यातून येतात. निबंधाचा तास म्हटला की आमच्या चौथीच्या वर्गात शांतता पसरते. 'माझा आवडता ऋतू' लिहा म्हटलं की चाळीस वह्यांत एकच निबंध. सगळ्यांच्या पावसाळ्यात मोर नाचतो. आमच्या गावात मोर कुणी पाहिलेला नाही, हे वेगळं सांगायला नको!

या वर्षी मी ठरवलं की आधी नाटक, मग लिहिणं. टेबल झालं चौकी, पट्टी झाली दंडुका, एक बांगडी झाली अंगठी. संवाद पाठ करायचे नाहीत, ज्याला जे सुचेल ते त्यानं बोलायचं. शिपाई फार जोरात होते. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दोनदा डोकावून गेले. कोळी झाला होता मागच्या बाकावरचा एक मुलगा. हा कधी बोलायचा नाही, वहीत तारीख घालून बसून राहायचा. शिपायानं दरडावलं, "खाडीत मासा धरलास ना?" तसा हा एकदम म्हणाला, "रोहू खाडीत गावत नाही. तो गोड्या पाण्यातला. खाडीत जिताडा गावतो, बोईट गावतं." सगळा वर्ग गप्प! अगदी बरोबर होतं त्याचं.

मग मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. 'कोळी म्हणतो, मी कुटुंब पोसतो. मग त्या दिवशी त्याच्या घरी कोण कोण वाट बघत होतं?' नाटकात ते कुटुंब रंगमंचावर येतच नाही. म्हणजे ती जागा आपल्यासाठी मोकळी आहे.

त्या मुलानं दीड पान लिहिलं. कोळ्याची बायको चूल पेटवून बसलीय. म्हावरं आलं नाही, नवराही आला नाही. भरती किती वाजता होती, ओहोटी कधी लागली, हे ती मोजतेय. शेजारीण येऊन सांगते, तुझ्या नवऱ्याला शिपायांनी धरलं. ती म्हणते, धरला असेल, पण चोरी केली नसेल. आणि टोपली उचलून ती राजवाड्याकडे निघते. बस्स, इथंच थांबवलं होतं त्यानं. मी विचारलं, पुढे काय? तर म्हणतो, "बाई, तास संपला."

आता थोडं पालकांशी बोलते. वही घरी गेली, तेव्हा त्याचे वडील मला भेटायला आले. "बाई, हे आमच्या घरातलंच लिहिलंय यानं. भाषा पण आमचीच. याला मार्क मिळतील का? शुद्ध लिहायला शिकवा." काळजी खोटी नव्हती. मी त्यांना एवढंच सांगितलं की कालिदासाच्या नाटकात राजा संस्कृत बोलतो, पण कोळी आणि शिपाई बोलतात ती प्राकृत. ज्याची त्याची भाषा त्याच्या तोंडी ठेवूनच ते नाटक इतकं मोठं झालं. ऱ्हस्व-दीर्घ मी शिकवीनच, तो माझा धंदाच आहे! पण पहिल्याच दिवशी त्या दीड पानावर लाल शाईच्या रेघा ओढल्या असत्या, तर दुसरं पान आलं नसतं. वडील हसले. पटलं की नाही, कोण जाणे.

मोठे लेखक असंच करत आलेत बरं का. लिअर राजाची जुनी गोष्ट शेक्सपिअरनं घेतली आणि तिचा गोड शेवट बदलून टाकला. त्यावरून सुचून आपल्या वि. वा. शिरवाडकरांनी १९७० साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आणलं. त्यात राजाच्या जागी आला एक थकलेला नट. राज्य नाही, तर आयुष्यभराची पुंजी तो मुलांना वाटून टाकतो.

तर या आठवड्याला एवढंच करा. ओळखीची एक जुनी गोष्ट घ्या. त्यात एका वाक्यापुरतं येऊन जाणारं माणूस शोधा. श्रीकृष्णाकडे जाताना सुदाम्याच्या हाती पोहे होते ना? ते त्याच्या बायकोनं शेजारून मागून आणले होते. ते देणाऱ्या शेजारणीला काय वाटलं असेल? भावंडांना जमवून आधी ते बोलून, करून बघा. घरातलं उपरणं, पळी, टोपली, काहीही चालेल. मग लगेच लिहायला बसा. तुमच्या घरी जसं बोलतात तसंच लिहा, आणि अंकाच्या पत्त्यावर पाठवा. गोष्ट अर्धी राहिली तरी पाठवा. कोळ्याची बायको अजून राजवाड्याच्या वाटेवरच आहे. ती तिथं पोचल्यावर काय झालं, हे कुणी लिहिलं तर मी ते आमच्या वर्गात वाचून दाखवीन.