विद्येचें ऋण आणि शेतकीचा शिक्षक

आमच्या शेजारच्या एका एकत्र कुटुंबांत गेल्या महिन्यांत एक वाद झाला. तो त्या घरापुरताच असता, तर त्याचा येथें उल्लेख करण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु तसला वाद आज अनेक सुशिक्षित घरांतून होत असला पाहिजे अशी आमची समजूत असल्यामुळें, नांवगांव वगळून, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्या घरच्या नातीनें शेतकीची पदवी घेतली, आणि मागून शिक्षणशास्त्राचीही. दोन्ही अभ्यासक्रमांपायीं मिळून बँकेचें चार लाख रुपये कर्ज झालें. आतां तिच्यापुढें दोन वाटा आहेत. एक बियाण्यांच्या कंपनींतील नोकरीची. दुसरी शिरूर तालुक्याकडील एखाद्या शाळेंत विज्ञानाबरोबर शेतकी शिकविण्याची. मुलीचा ओढा दुसऱ्या वाटेकडे. चुलत्यांचें म्हणणें, "आधीं बँकेचें देणें फेड, मग देशाचें फेड." आजींना निराळीच काळजी: "शेतकी शिकविणाऱ्या मास्तरीणबाईंना स्थळें कशीं यायचीं?" आजोबा आमचे जुने स्नेही. त्यांनीं हा तंटा आमच्याकडे आणला. कारण जन्मभर मास्तरकी केलेल्या मनुष्यास हिशेब व उपदेश हीं दोन्ही कामें फुकट सांगतां येतात.

हिशेब आम्हीं लगेच मांडला. चार लाखांचें कर्ज, दरसाल दर शेंकडा दहा व्याज आणि फेडीची मुदत सात वर्षें धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारें 6,640 रुपयांचा बसतो. महाराष्ट्रांत नव्या शिक्षकास पहिलीं तीन वर्षें 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर काढावीं लागतात. माध्यमिक शाळेंत हें मानधन पूर्वीं महिना 8,000 रुपये होतें. 2023 सालीं तें 18,000 झालें. त्यांतून हप्ता वजा जातां उरतात 11,360. एवढ्यांत परगांवचें भाडें, जेवण व जाणेंयेणें भागवावयाचें. शिक्षण संपल्यावर बँक साधारणतः एक वर्ष थांबते. परंतु व्याज थांबत नाहीं, आणि त्या वर्षांत नेमणूक होईलच असेंही नाहीं.

हा आंकडा पाहून आम्हीं चुलत्यांच्या बाजूनें कौल दिला. तेव्हां ती मुलगी शांतपणें म्हणाली, "गुरुजी, तुम्हीं तीस वर्षें शिकविलेंत. तुमच्या वर्गांतल्या किती हुशार मुलांना तुम्हीं शेतकीकडे पाठविलेंत?"

आम्ही निरुत्तर झालों. खरें सांगावयाचें तर एकासही नाहीं. उलट, चांगल्या गुणांचा एखादा मुलगा शेतकीचें नांव काढूं लागला, कीं "इतके गुण वायां कां घालवतोस?" असें आम्हींच त्यास विचारलेलें आहे. पुढील मजकूर म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाला उशिरां सुचलेलें उत्तर होय.

आपल्या शास्त्रांत मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असें सांगितलें आहे. देवऋण यज्ञानें फिटतें, पितृऋण प्रजेनें फिटतें, आणि ऋषिऋण ब्रह्मचर्यानें, म्हणजे अध्ययनानें फिटतें. अध्ययनामागोमाग अध्यापन हें आलेंच. यांतील मर्म असें कीं, ज्या ऋषींपासून विद्या आली त्यांना कोणी सोनें परत केलें नाहीं. जें घेतलें तेंच पुढच्या पिढीच्या पदरांत घातलें. विद्येसाठीं काढलेलें कर्ज विद्यादानानें फेडून घ्यावें ही कल्पना आज कोणी नवी म्हणून सांगूं लागला, तर आपणांस तिचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. आणि शेतकी म्हणजे कांहीं शास्त्राबाहेरची वस्तु नव्हे. 'कृषिपराशर' हा संस्कृत ग्रंथ सबंध शेतकीवरच आहे, आणि पराशरस्मृतीनें तर ब्राह्मणासही कृषिकर्माची मोकळीक दिली आहे.

शेतकी शिकविणारा शिक्षक कसा असावा हा प्रश्न पुण्यास तरी जुना आहे. जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनापुढें निवेदन केलें. प्राथमिक शाळेंत शेतकीचे पाठ असावे, शाळेस लहानसें नमुन्याचें शेत जोडावें, शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतून तयार केलेला व प्रसंगीं नांगराच्या मुठीस हात लावण्यास न लाजणारा असावा, अशी त्यांची मागणी होती. तेवढ्यावर ते थांबले नाहींत. अशा शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं तो पंधरा ते वीस असावा, हेंही त्यांनीं त्यांत घातलें. ज्या मनुष्याकडून मोठें काम पाहिजे, त्याच्या पोटाचा विचार त्याच कागदावर झाला पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. पुढें पुष्कळांनीं पहिला भाग उचलला आणि दुसरा विसरले.

पुण्यास शेतकीचे वर्ग 1879 सालीं सायन्स कॉलेजांत निघाले, आणि 1907 सालीं स्वतंत्र शेतकी महाविद्यालय झालें. त्याचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर हें गांव घरोघर व शेतोशेत तपासून 1917 सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. गांवच्या 156 जमीनमालकांची जमीन 729 तुकड्यांत विखुरलेली त्यांना आढळली. शेतकऱ्याच्या हलाखीचें असें बिनचूक निदान आपल्या शहराजवळच झालें. परंतु तें इंग्रजी पुस्तकांत राहिलें. त्या गांवच्या शाळेंतील मुलांस तें मराठींत समजावून देणारा कोणी तेथें नव्हता. आज त्या शेतांवर उंच इमारती उभ्या आहेत. तेथें आतां शिकवूं म्हटलें, तरी तो धडा शिकविण्यास जमीन उरलेली नाहीं. इतर गांवीं मात्र ती अद्याप आहे.

1926 सालीं नेमलेल्या शेतकीविषयक रॉयल कमिशनानें 1928 च्या अहवालांत हाच प्रश्न तपासला. मुंबई इलाख्यांत लोणीच्या धर्तीवर शेतकीच्या निराळ्या शाळा होत्या. पंजाबांत नेहमींच्याच ग्रामीण शाळांतून, लायलपूर येथें खास शिकून आलेला शिक्षक शेतकी शिकवी. कमिशनानें पंजाबची रीत पसंत केली. याच्याशीं मिळतें काम आपल्याच जिल्ह्यांत पाबळ येथें झालें आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं 1983 सालीं तेथें विज्ञान आश्रम स्थापला, आणि शेती, पशुपालन, वीज, सुतारकाम-लोहारकाम यांचें हातानें करून शिकण्याचें शिक्षण नेहमींच्या शाळांतील आठवी ते दहावीच्या मुलांस दिलें. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही सहावीपासून मुलांस अशा व्यवसायांची ओळख व्हावी असें म्हटलें आहे. सारांश, काय शिकवावें आणि कोठें शिकवावें याबद्दल फारसा वाद उरलेला नाहीं. उणीव आहे ती शिकविणाऱ्या मनुष्याची.

असा मनुष्य मिळविण्याच्या तीन रीती आजवर दिसून आल्या आहेत. पहिली व्रताची. 1884 सालीं स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना पाऊणशें रुपयांच्या आसपास वेतनावर वीस वर्षें शिकविण्याचें पत्करीत. केंब्रिजला 1899 सालीं सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे हे त्याच वेतनावर फर्ग्युसन कॉलेजांत आले. या व्रताविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण व्रत सांगून घ्यावयाचें नसतें, आणि चार लाखांचें देणें डोक्यावर असलेल्या मुलीस तर दुसऱ्यानें तें सांगूंच नये.

दुसरी रीत कराराची. सरकारी महाविद्यालयांतून डॉक्टर होणाऱ्यास महाराष्ट्रांत एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, न केल्यास दहा लाख रुपये भरण्याचा नियम होता. ज्याच्यापाशीं पैसा असे त्यास सुटण्याची वाट यांत होतीच. अडके तो गरीब. या रीतीचें याहून मोठें उदाहरण बडोद्याचें आहे. सयाजीराव महाराजांनीं 1913 सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अमेरिकेंतील शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति दिली. परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. करार पाळण्यास ते 1917 सालीं बडोद्यास गेले. त्या शहरांत त्यांना राहावयास जागा कोणी दिली नाहीं. पारशी विश्रामगृहांतून त्यांना बाहेर काढलें. आणि थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावें लागलें. दहा वर्षांची विद्वत्ता विकत घेतली होती, ती एका खोलीवांचून गेली. महाराज उदार होते, करारही चोख होता. खोटें ठरलें तें शहर. हा दोष आपल्या समाजाचा होता, हें आपल्यासारख्या घरांनीं तरी मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. शिक्षक गांवीं पाठविण्याची कोणतीही योजना आंखतांना हें उदाहरण आम्ही डोळ्यांपुढें ठेवूं.

तिसरी रीत कर्ज सोडण्याची. अमेरिकेंत 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानें शाळांतील शेतकीच्या शिक्षकांच्या पगारास मध्यवर्ती सरकारचें साहाय्य मिळूं लागलें. अलीकडे तेथें असा नियम आहे कीं, गरीब वस्तीच्या शाळेंत ओळीनें पांच वर्षें शिकविणाऱ्याच्या शिक्षणकर्जापैकीं कांहीं भाग सरकार सोडतें: गणित, विज्ञान व विशेष शिक्षण यांसाठीं 17,500 डॉलरपर्यंत, बाकीच्या विषयांसाठीं 5,000 डॉलरपर्यंत. आम्हांस ही रीत तिन्हींत अधिक न्यायाची वाटते. करारांत आधीं धाक असतो. हिच्यांत मनुष्य आधीं काम करतो आणि मागून मोकळा होतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे. "पुन्हां कर्जमाफी? 2017 सालीं झाली, 2019 सालीं झाली. मग प्रामाणिकपणें फेडणाऱ्यानें काय पाप केलें?" पीककर्जाच्या माफीचें बरेंवाईट आम्ही येथें ठरवीत नाहीं. परंतु माफी ही अपराधाची किंवा असहायतेची असते. शिकविणारी मुलगी अपराधी नाहीं आणि असहायही नाहीं; ती देणें देतच असते, फक्त तें बँकेच्या खिडकीवर न देतां वर्गांत देते. ही माफी नव्हे, वसुलीच होय.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ग्रामीण शाळेंत जो शेतकी शिकवील, त्याच्या शिक्षणकर्जाचे हप्ते शिक्षणसेवकीच्या तिन्ही वर्षांत सरकारनें भरावे. पुढें प्रत्येक पुऱ्या वर्षास बाकी राहिलेल्या कर्जाचा चौथा भाग सोडावा. सात वर्षांत पाटी कोरी व्हावी. मध्येंच सोडून जाणाऱ्यास दंड नसावा. त्याची उरलेली बाकी तेवढी त्याची. शाळेस पाण्यासह निदान दहा गुंठे जमीन असावी, नाहींतर शेतकी फळ्यावरच पिकेल. आणि गांवानें शिक्षकास, त्याची जात न विचारतां, राहण्यास चांगली जागा द्यावी. शेवटचें कलम सरकारच्या हातचें नाहीं, आणि तेंच सर्वांत अवघड आहे.

तसेंच आणखी एक कलम आपल्या घरचें आहे, तें म्हणजे मानाचें. वर्ध्यास जन्मलेले डॉ. पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यांत पडून देशाला पारखे झाले, शेतकीशास्त्र शिकले आणि मेक्सिकोंत चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत प्राध्यापक झाले. तेथील शेतकऱ्यांसाठीं त्यांनीं मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानें त्यांना आपल्या भित्तिचित्रांत स्थान दिलें. परक्या देशानें आपल्या एका शेतकीच्या मास्तरास भिंतीवर बसविलें. आणि आपण मात्र शेतकीच्या मास्तरणीला स्थळ कसें येईल या काळजींत आहों. आजींचा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. त्यांनीं जगाची रीत बोलून दाखविली. पण ती रीत तुमच्या-आमच्या घरांनींच पाडलेली आहे, आणि मोडली तर तींच मोडतील.

सरकार करील तेव्हां करील. तोंवर काय, हें विचारण्यास आजोबा परवां पुन्हां आले. आम्हीं नवा हिशेब करून ठेवलाच होता. त्या घरांत मिळवतीं माणसें चार आहेत. 6,640 चे चार वांटे केले, तर प्रत्येकीं 1,660 रुपये येतात, आणि तेही तीनच वर्षें. एकत्र कुटुंबांत लग्नाचा खर्च असाच वांटून घेतात; विद्येचा कां घेऊं नये? नातीनें पुढें आपल्या सवडीनें तो घरांतील धाकट्या भावंडांच्या शिक्षणाकडे वळवावा. मुलगी शाळेंत उभी राहील आणि बँकेचा हप्ताही चुकणार नाहीं.

आजोबांनीं कागद पुन्हां वाचला आणि म्हणाले, "घरांत विचारून पाहतों." आम्हीं त्यांच्या हातून कागद घेतला, चार खोडून पांच केले व पुढें 1,328 लिहिलें. पांचवा वांटा आमचा. तीस वर्षांत एकही मुलगा शेतकीकडे पाठविला नाहीं, त्याचें हें प्रायश्चित्त फार महाग पडलें असें कोणी म्हणणार नाहीं.