हाताची घडी, तोंडावर बोट

गेले तीन महिने एक नवीन खूळ डोक्यात आहे. यूएक्स, म्हणजे युजर एक्स्पिरियन्स डिझाइन शिकतोय. वीस वर्षं प्रोग्रामिंग केल्यावर आता ही कसली थेरं, असं बायको म्हणाली (शब्द थोडे वेगळे होते). क्लास ऑनलाइन, रविवारी सकाळी. मला वाटलं होतं रंग, फॉन्ट, बटणांचे गोल कोपरे वगैरे शिकवतील. वर्गातल्या पोरांनीही पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, फिग्मा कधी?" सर म्हणाले, आधी गृहपाठ. घरातल्या कोणालाही एखादं ॲप वापरायला सांगा आणि अर्धा तास नुसतं बघा. बोलायचं नाही, मदत करायची नाही. थोडक्यात, हाताची घडी, तोंडावर बोट!

आई तेव्हा सांगलीहून महिनाभरासाठी आमच्याकडे पुण्याला आली होती. तिला म्हटलं, "तुझ्या बँकेच्या ॲपवरून भिशीचे २००० रुपये काकूंना पाठव. मी फक्त बघणार."

चष्मा शोधण्यात गेलेली पाच मिनिटं धरत नाही. ॲप उघडलं. समोर 'निधी हस्तांतरण', 'जलद प्रेषण' आणि 'लाभार्थी व्यवस्थापन'. आईने तिन्ही मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "ह्यातलं पैसे पाठवायचं कुठलं रे?" मी गप्प. कसाबसा रस्ता सापडला, तर ओटीपी आला. तो बघायला ती मेसेजमध्ये गेली, कॅलेंडरच्या मागे आकडे लिहून घेतले, सावकाश परत आली. तोवर ॲपने तिला बाहेर काढलं होतं. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी लाल अक्षरांत आलं, 'अमान्य विनंती'.

आईने फोन उपडा ठेवला. "माझंच काहीतरी चुकलं. जाऊ दे. सांगलीला शेजारचा मुलगा देतो करून, त्याला पिन ठाऊक आहे."

मी ताडकन उठलो. "अगं आई, पिन दिलास त्याला?"

"मग काय करू? तुला फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस."

गृहपाठ तिथेच संपला.

डॉन नॉर्मन यांचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' क्लासमुळे वाचत होतो. १९८८ साली ते आलं तेव्हा नाव वेगळं होतं, 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज'. त्यात दारांबद्दल बरंच आहे. ओढायचं दार आपण ढकलतो आणि वर स्वतःलाच वेंधळे म्हणतो. दोष दाराचा, लाज आपल्याला. वाचताना मी मान डोलावली होती. पण आईचं 'माझंच चुकलं' ऐकल्यावर ते खरं कळलं. कारण 'अमान्य विनंती'च्या जातीचे मेसेज मी स्वतः शेकड्यांनी लिहिलेत. रात्री साडेनऊला, घरी जायच्या घाईत. चुकीचा मेसेज साध्या भाषेत हवा आणि त्यात पुढे काय करायचं तेही हवं, हे जेकब नीलसन यांनी १९९४ मध्येच आपल्या दहा नियमांत सांगून ठेवलंय. वाचलं कोणी?

चहा घेताना आईला विचारलं, "मतदानाचं यंत्र कसं जमतं गं तुला?" ती म्हणाली, "त्यात काय जमायचंय!" खरंच आहे. नावापुढे चिन्ह, चिन्हापुढे निळं बटण. दाबलं की लाल दिवा लागतो, शेजारी चिठ्ठी सात सेकंद दिसते, लांब बीप वाजते. झालं की नाही ही शंकाच उरत नाही, वाचता येत नसलं तरी. या यंत्राच्या बाह्यरचनेचं काम पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांनी केलं होतं, म्हणजे आपल्या इथलंच.

आता कोणी म्हणेल, मतदान यंत्राला एकच काम, बँकेला शंभर, शिवाय सुरक्षितता हवी. मान्य. पण ज्या सुरक्षिततेला कंटाळून आई पिन शेजारी देऊन येते, ती कोणाची सुरक्षितता? माझं मत विचाराल तर या विषयाची बाराखडी म्हणजे फिग्मा नव्हे. ती आठवड्यात येते, मलाही आली. आपल्या माणसाला अडखळताना बघून हात न लावता बसणं, हे मात्र अजून जमत नाही. त्या अर्ध्या तासात मी चार वेळा हात पुढे केला होता, आणि ते आईने मोजलं होतं!

असो. पिन बदललाय. शेजारच्या मुलाला ते कसं सांगायचं याची आईला काळजी आहे. बिचाऱ्याने इतके महिने एक पैसा इकडचा तिकडे केला नव्हता.

नीलसन म्हणतात, पाच माणसांना वापरताना बघितलं की बहुतेक दोष कळतात. माझी चार बाकी आहेत. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आधी जेवून घ्या."