अर्भकाची सुई कोणाच्या हातीं?

धडगांव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजारी माणूस बांबूच्या झोळींतून खालीं येतो, हें आमच्या नंदुरबारकर वाचकांस ठाऊक आहे. आठ दिवसांचें अर्भक जंतुदोषानें मलूल झालें, तर त्यास तेवढी सवड नसते. डॉ. अभय व राणी बंग यांनीं गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गांवच्याच शिकविलेल्या बाईकडून घरीं शुश्रूषा करविली, जेंटामायसिनची सुईही देवविली. तुलनेच्या गांवांच्या मानानें नवजातांचे मृत्यु तिसऱ्या वर्षीं ६२ टक्क्यांनीं घटले, असें १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालें. २०११ पासून 'आशा' देशभर घरोघर जाते. सुईची मुभा मात्र २०१४ सालीं परिचारिकेस मिळाली, आणि तिच्या वाट्यास पाडे अनेक! 'अल्पशिक्षितेच्या हातीं सुई नको' म्हणणारे डॉक्टर पाड्यावर मुक्कामास जाणार आहेत काय? नसतील, तर आशेस ती विद्या देण्यास हरकत कोणती, एवढें सरकारनें आम्हांस सांगावें.